प्रस्तावना : वाट विसरण्याचा हक्क

हे पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरतं. उंचावरून सुटलेली वस्तू जमिनीवर आदळते, त्या क्षणी तिचा वेग किती असतो? शाळेच्या पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला जेमतेम अर्धं पान मिळतं. सूत्र, एक सोडवलेलं उदाहरण, सरावाला दोन गणितं, आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. त्या अर्ध्या पानावर एवढी पानं का लिहावीशी वाटली, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात झाली ती कोकणातल्या एका शाळेत. मी तिथे एक तास घ्यायला पाहुणा म्हणून गेलो होतो. खिडकीबाहेर माडांची बाग होती, म्हणून फळ्यावर नारळच घेतला. माडाची उंची २० मीटर, असोला नारळ दीड किलोचा. शेंड्यावर असताना त्याची स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार : १.५ × ९.८ × २० = २९४ ज्यूल. जमिनीला टेकताना उंची शून्य झाली, स्थितिज ऊर्जा सरली, आणि तेवढीच गतिज ऊर्जा नारळाच्या खात्यावर जमा झाली. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वस्तुमान दोन्ही बाजूंना आहे, ते उडून जातं. उरतं ते एवढंच : वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वीय त्वरण × उंची. म्हणजे २ × ९.८ × २० = ३९२. त्याचं वर्गमूळ १९.८. नारळ सेकंदाला जवळजवळ २० मीटर, ताशी ७१ किलोमीटर वेगाने खाली येतो. पाडेली माडावर चढला की घरातली माणसं मुलांना झाडाखाली फिरकू देत नाहीत, त्यामागचा आकडा फळ्यावर उमटला.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, पाडेल्याने नारळ लांब फेकला तर? आणि पडताना मधल्या झावळीवर आपटला तर?"

दोन्ही प्रश्नांत नारळाची वाट बदलते, पण उत्तरं अगदी वेगवेगळी आहेत. फेकलेल्या नारळाच्या बाबतीत फेकताना दिलेला वेग तेवढा माहीत हवा. तो कोणत्या दिशेला फेकला, हवेत त्याने केवढी कमान घेतली, हे विचारावंच लागत नाही. झावळीच्या बाबतीत मात्र वाट विसरून चालत नाही. झावळी वाकली, हलली, कदाचित मोडली. तिला जेवढी ऊर्जा दिली तेवढी नारळाकडून वजा केल्याशिवाय उत्तर बरोबर येणार नाही. वाटेतलं काय विसरता येतं आणि काय विसरता येत नाही, या एका भेदात ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाचं मर्म आहे, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे. त्या मुलीला मी वर्गात दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं. सविस्तर उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते हे पुस्तक.

वेग काढायची दुसरी पद्धत मुलांना आधीच शिकवलेली असते. दर सेकंदाला वेग ९.८ मीटरने वाढतो, २० मीटर पडायला दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो, म्हणून शेवटचा वेग १९.८. उत्तर तेच. मग ऊर्जेचा खटाटोप कशाला, असं विद्यार्थी विचारतात. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूपुरती ही शंका रास्त आहे. वस्तू सरळ पडेनाशी झाली की फरक कळतो.

समजा, २० मीटर उंच गच्चीवरून तीन दगड फेकले. एक सरळ वर, एक आडवा, एक सरळ खाली. तिघांनाही सुरुवातीचा वेग सेकंदाला १५ मीटर. घड्याळ हातात घेऊन गणित करायचं तर तीन वेगळी गणितं मांडावी लागतील. ऊर्जेच्या पद्धतीने एकच ओळ पुरते : १५ चा वर्ग २२५, उंचीमुळे मिळणारे ३९२, बेरीज ६१७, वर्गमूळ २४.८. तिन्ही दगड सेकंदाला २४.८ मीटर वेगानेच जमिनीवर येतात. ते वेगवेगळ्या वेळी येतात, वेगवेगळ्या कोनांतून येतात, पण वेगाचा आकडा तिघांचा एकच.

इथेच विद्यार्थी हमखास अडखळतात. सुरुवातीचा वेग १५, पडण्यामुळे मिळालेला १९.८, मग उत्तर ३४.८ का नाही? कारण पडण्याचा हिशोब वेगात ठेवलेला नसतो, वेगाच्या वर्गात ठेवलेला असतो. बेरीज वर्गांची होते. हे समजून घेताना कोणी अडखळला तर त्याला उशीर झाला असं मानू नये. युरोपातल्या उत्तमोत्तम बुद्धीच्या माणसांना याच जागी दीडशे वर्षं लागली.

त्या दीडशे वर्षांची गोष्ट पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे. तिचा धागा इथे सांगतो, कारण सूत्रामागचा विचार त्या गोष्टीतच उलगडतो.

१६३८ मध्ये लायडनला गॅलिलिओचा शेवटचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात एक साधा प्रयोग आहे. दोऱ्याला गोळा बांधून लोलक करायचा आणि एका बाजूला ओढून सोडायचा. दुसऱ्या बाजूला तो जवळजवळ तेवढाच वर चढतो. आता दोरा मध्येच अडेल असा एक खिळा भिंतीत ठोकायचा. खाली आलेला गोळा खिळ्यामुळे वेगळ्या, आखूड कमानीवरून चढतो, तरीही पोचतो पहिल्याच उंचीपर्यंत. उतरायची वाट एक, चढायची दुसरी, उंची मात्र तीच. यावरून गॅलिलिओने धरून चालायचं ठरवलं की उतार कसाही असो, सारख्या उंचीवरून खाली आलेल्या वस्तूचा वेग सारखाच असतो.

असं का असावं? दोन वाटांच्या एका डोंगराची कल्पना करा, एक वाट खड्या चढाची, एक सावकाश वळणांची, आणि दोन्ही अगदी गुळगुळीत. खड्या वाटेने उतरल्यावर जास्त वेग मिळत असता, तर तिथून उतरायचं आणि त्या वेगाच्या जोरावर सावकाश वाटेने वर जायचं. माथ्यावर पोचल्यावर थोडा वेग शिल्लक राहिला असता. पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं, प्रत्येक फेरीला शिल्लक वाढत गेली असती. काही खर्च न करता अखंड चालणारं यंत्र हाती आलं असतं. असं यंत्र माणसाला फार पूर्वीपासून खुणावत आलं आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पोकळ आऱ्यांच्या चाकाचं वर्णन केलं आहे. आऱ्यांत पारा अर्धा भरायचा आणि चाक आपोआप फिरत राहील अशी कल्पना. पुढे युरोपातही तऱ्हेतऱ्हेची चाकं कागदावर आणि लाकडात उतरली. त्यातलं एकही फुकट चाललं नाही. वाट कोणतीही असो, उंचीच्या बदल्यात मिळणारा वेग ठरलेलाच असतो. विसरण्याचा हक्क आपल्याला या अनुभवाने दिला आहे.

पण त्या ठरलेल्या गोष्टीचं माप कोणतं? देकार्तच्या अनुयायांच्या मते वस्तुमान गुणिले वेग. १६८६ मध्ये लायब्निझने त्यांना एक हिशोब घातला. एक किलोचं वजन चार मीटर उचलायला जेवढे श्रम, तेवढेच चार किलोचं वजन एक मीटर उचलायला. (वजनं-मापं मी आपल्या सोयीची घेतली आहेत.) आता दोन्ही खाली सोडा. चौपट उंचीवरून पडलेल्याचा वेग दुप्पट भरतो, हे गॅलिलिओने दाखवलेलंच होतं. वस्तुमान गुणिले वेग केलं तर एकीकडे दोन, दुसरीकडे चार. हिशोब जुळत नाही. वेगाचा वर्ग घेतला तर इकडेही चार, तिकडेही चार. लायब्निझने या मापाला जिवंत बल असं नाव दिलं.

वाद मिटला नाही. १७२०च्या दशकात लायडनच्या स-ग्राव्हेसांडेने पितळी गोळे मऊ मातीत पाडून खळगे मोजले. वेग दुप्पट केला की खळगा चौपट होत होता. या प्रयोगाचं मोल ज्यांनी ओळखलं, त्यांत फ्रान्सची एमिली द्यु शातले होती. १७४० मध्ये आलेल्या आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात तिने वेगाच्या वर्गाची बाजू इतक्या स्पष्टपणे मांडली की पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या सचिवांशी तिचा जाहीर वाद झाला, आणि ती मागे हटली नाही. न्यूटनच्या प्रिन्सिपियाचं फ्रेंच भाषांतरही तिचंच. १७४९ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली. भाषांतर दहा वर्षांनी, १७५९ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालं. सूत्रातला 'भागिले दोन' पक्का व्हायला १८२९ साल उजाडलं. त्या वर्षी कोरिओलिसने 'कार्य' ही कल्पना नेमकी केली आणि गतिज ऊर्जेला आजचं रूप आलं. पाठ्यपुस्तकात अर्धी ओळ व्यापणारं सूत्र असं सावकाश घडलं आहे.

आता वाट विसरण्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण सांगतो. ते आपल्या सह्याद्रीतलं आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांत पावसाचं पाणी साठवून ते घाटाखाली खोपोलीला आणायचं आणि त्यावर वीज तयार करायची, हे काम टाटांनी केलं. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. आपलं सूत्र लावून पाहा : २ × ९.८ × ५०० = ९८००, वर्गमूळ ९९. तोटीतून बाहेर पडणारी धार सेकंदाला ९९ मीटर, ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने यायला हवी. गंमत अशी की पाणी वाटेत कुठेच तसं पडत नाही. जाड पोलादी नळांतून ते भरलेलं, दाबाखाली, त्या मानाने संथपणे उतरतं. त्याचा दाब वाढत जातो, आणि अगदी शेवटी अरुंद तोटीपाशी तो सगळा दाब वेगात बदलतो. नळातलं घर्षण थोडं वजा केलं, तर उरलेला वेग मोकळ्या पडणाऱ्या दगडाचाच. भांड्याच्या तळच्या भोकातून येणाऱ्या धारेबद्दल तोरिचेल्लीने हेच १६४४ मध्ये म्हटलं होतं. एका वाटेत सतत वाढणारा वेग, दुसऱ्या वाटेत शेवटपर्यंत दडून राहिलेला दाब. शेवटी आकडा एकच.

ही धार पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. वाट्या धारेच्या साधारण निम्म्या वेगाने पळत असल्या, तर पाणी त्यांत वळून जवळजवळ सगळा वेग चक्राला देऊन टाकतं आणि खाली नुसतं ओघळतं. पडण्याने कमावलेलं सगळं तिथे वसूल होतं. त्या घाटातून जाताना पावसाळ्यात कडे कोसळून वाहताना दिसतात. त्याच डोंगरात न दिसणारं पाणी काय करतं आहे, हे कळल्यापासून माझ्या दृष्टीने तो घाट बदलून गेला.

इथवर वाचून वाचकाला वाटेल की वाट नेहमीच विसरता येते. म्हणून पुस्तकाचा तिसरा भाग लिहिला. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पावसाचा थेंब घ्या. दीड किलोमीटर उंचीच्या ढगातून सुटलेला थेंब आपल्या सूत्रानुसार सेकंदाला १७१ मीटर, ताशी सहाशेहून जास्त किलोमीटर वेगाने यायला हवा. तसं झालं असतं तर पावसात कोणी जिवंत राहिलं नसतं. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला ८ ते ९ मीटर वेगाने येतो. वर्ग करून पाहिलं, तर हजार भागांपैकी जेमतेम तीन भाग ऊर्जा त्याच्याजवळ उरते; बाकीची वाटेत हवेला जाते, तिला ढवळते आणि अखेरीस किंचित ऊब देते. नारळाच्या बाबतीत हवेचा वाटा लहान आहे, वेग सेकंदाला एखाद्या मीटरने कमी भरेल. थेंबाच्या बाबतीत हवा हेच सगळं गणित आहे. सूत्र तेच, नियम तोच. काय दुर्लक्षित करायचं, याचा निर्णय मात्र प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

घरंगळणाऱ्या गोळ्याचंही तसंच. भरीव गोळा उतारावरून न घसरता घरंगळला, तर त्याच्या ऊर्जेचे सात भाग करून पाच पुढे जाण्याला आणि दोन गरगरण्याला जातात. म्हणून त्याचा वेग सरळ पडणाऱ्या गोळ्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी भरतो. बांगडी घरंगळली तर ऊर्जा अगदी निम्मीनिम्मी वाटली जाते. वस्तुमान समीकरणातून उडून जातं हे खरं, पण ते वस्तूत कुठे आहे हा प्रश्न इथे परत येतो. गॅलिलिओने आपल्या उतारावर पितळी गोळे घरंगळत सोडले, तेव्हा हा वाटा त्याला वेगळा काढता आला नव्हता.

वस्तुमान खरोखर उडून जातं, याचं दृश्य जगाने २ ऑगस्ट १९७१ रोजी पाहिलं. अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही बरोबरच टेकली. सुमारे १.६ मीटर उंची आणि चंद्राचं त्वरण १.६२ धरलं, तर वेग सेकंदाला २.३ मीटर येतो. पृथ्वीवर त्याच उंचीवरून हातोडा ५.६ मीटर वेगाने आला असता, आणि पीस तरंगत राहिलं असतं. तिथे विसरायला हवाच नव्हती.

ऊर्जेचं हे गणित जिवाशी येतं, तेही सांगायला हवं. दहीहंडीच्या मनोऱ्याची उंची हा आपल्याकडे वर्षानुवर्षं चर्चेचा विषय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची मर्यादा घातली होती, पुढे २०१७ मध्ये ती राहिली नाही. २० फुटांवरून, म्हणजे ६ मीटरांवरून पडलेल्या मुलाचा वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. ४० फुटांवरून तो ताशी ५५ किलोमीटर होतो. वेग दीडपटही वाढला नाही म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. शरीराला पचवावी लागणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते. आणि ती किती अंतरात पचवायची, यावर सगळं अवलंबून आहे. ६ मीटर पडलेलं शरीर कठीण रस्त्यावर ३ सेंटिमीटरांत थांबलं, तर त्याच्या वजनाच्या सरासरी २०० पट बल त्याच्यावर येतं. जाड गादीत ६० सेंटिमीटर रुतून थांबलं, तर फक्त ११ पट. या हिशोबात वेग काढावाही लागत नाही. रुतणं धरून एकूण किती पडला आणि त्यातलं किती रुतला, या दोन अंतरांचं गुणोत्तर पुरतं. दहीहंडीखालची गादी, बांधकामावरची जाळी, डोक्यावरचं हेल्मेट, या सगळ्यांचा अर्थ त्या एका गुणोत्तरात आहे. या पुस्तकातलं एकच पान कोणी वाचणार असेल, तर ते हे वाचावं.

शेवटच्या भागात आपण बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जातो. लवणासुराच्या कथेतलं हे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे, आणि ते विवर दख्खनच्या बेसाल्टवर आकाशातून आलेल्या वस्तूच्या आघाताने झालं आहे. तिथल्या खडकांत प्रचंड दाबाशिवाय न बनणारा मॅस्केलिनाइट सापडल्यावर १९७०च्या दशकात याबद्दलची शंका फिटली. ती वस्तू किती वेगाने आली असेल? इथे उंची हजारो, लाखो किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात गुरुत्वीय त्वरण स्थिर राहत नाही, त्यामुळे आपलं सोपं सूत्र जसंच्या तसं चालत नाही. ऊर्जेचा विचार मात्र चालतो. अनंत अंतरावरून पृथ्वीपर्यंत पडताना एका किलोमागे मिळणारी ऊर्जा मोजली, तर ती बरोबर त्वरण गुणिले पृथ्वीची त्रिज्या एवढी भरते. म्हणजे सूत्रात उंचीच्या जागी ६,३७० किलोमीटर घालायचे. उत्तर येतं सेकंदाला ११.२ किलोमीटर. वर जाणाऱ्या वस्तूसाठी यालाच मुक्तिवेग म्हणतात. दूरवरून येणारा अशनी याहून सावकाश येऊ शकत नाही. सूर्याभोवतीची त्याची स्वतःची गती धरली तर तो अधिकच वेगाने येतो, आणि मोठ्या अशनीला हवा फारशी अडवू शकत नाही. या किमान वेगालाही प्रत्येक किलो दगडात सुमारे १५ किलो टीएनटीएवढी ऊर्जा असते. लोणारच्या काठावर उभं राहून खालचं खारं पाणी पाहताना हा आकडा आठवावा. माडावरच्या नारळाचं गणित इथवर पोचतं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. ऊर्जा किती वेळ लागला ते सांगत नाही, दिशाही सांगत नाही. त्यासाठी घड्याळाकडे परत जावं लागतं. म्हणून दोन्ही पद्धती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, एकीने काढलेल्या उत्तराचा ताळा दुसरीने घ्यावा म्हणून.

पुस्तक नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. वर्गमूळ काढता आलं की पुरे. प्रत्येक प्रकरणात घरी करता येईल असा एक प्रयोग दिला आहे. लोलकाचा खिळा भिंतीत ठोकता येत नसेल तर पट्टी धरावी. स-ग्राव्हेसांडेच्या मातीऐवजी गणपतीसाठी आणलेल्या शाडूचा उरलेला गोळा घ्यावा, तो थापून गोटी २५ सेंटिमीटरांवरून आणि मग एक मीटरवरून सोडावी, आणि खळग्यांत भरलेलं पाणी ड्रॉपरने मोजावं. उंची कशापासून मोजायची हे आपण ठरवायचं असतं, हेही मुलांना हाताने करू द्यावं : विहिरीत दगड टाकताना शून्य काठावर धरा की पाण्यावर, सुरुवात आणि शेवट यांतला फरक तोच राहतो.

शिक्षकांना एक विनंती. पडलेल्या वस्तूचा शेवटचा वेग विचारला की वर्गात कोणीतरी 'शून्य' म्हणतंच, कारण नारळ जमिनीवर पडून स्वस्थ पडलेला असतो. आपण ते उत्तर खोडतो आणि 'टेकण्याआधीच्या क्षणाचा वेग' असं सुधारून सांगतो. सुधारणा बरोबर आहे, पण तिथे थांबू नये. शून्य म्हणणाऱ्या मुलाने एक खरी गोष्ट पाहिलेली असते. २९४ ज्यूल होते, आता नारळ निश्चल आहे, मग ते गेले कुठे? वाळूतला खळगा, धप्प आवाज, आणि न जाणवणारी ऊब. जेम्स ज्यूलने आयुष्याची बरीच वर्षं याच उबेच्या शोधात घालवली. पडणाऱ्या वजनांनी पाणी घुसळून त्याने तिचा दर ठरवला. आजच्या मापात तो असा, की ४२७ मीटर पडलेल्या पाण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत गेली तर ते एक अंश सेल्सिअसने तापेल. एवढा लहान फरक थर्मामीटरवर पकडायला धीर लागतो. तो धीर होता म्हणून 'ऊर्जा नष्ट झाली' असं म्हणण्याची वेळ पुन्हा कोणावर आली नाही.

म्हणून या पुस्तकातली गणितं पेन्सिलने सोडवा, प्रयोग करा, आणि मोजलेलं उत्तर सूत्राच्या उत्तराशी जुळलं नाही तर खोडरबर उचलू नका. जेवढं कमी भरलं तेवढं लिहून ठेवा आणि ते कोणी घेतलं, हे शोधा. हवेने घेतलं असेल, फिरण्याने घेतलं असेल, मातीने घेतलं असेल, एखाद्या झावळीने घेतलं असेल. मागच्या बाकावरून तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हे सगळं माहीत नव्हतं. पण झावळीशी काहीतरी देणंघेणं होतं, एवढं तिला नेमकं दिसलं होतं.